स्कोप पुढे का सरकतो?

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आजचा विषय थेट आफ्रिकेतला. तिथे केप बफेलोसाठी .३७५ एच अँड एच रायफल वापरतात. काडतूस १९१२ चं, पण धक्का साध्या .३०८ च्या साधारण दुप्पट.

आता गंमत बघा. गोळी सुटली की रायफल मागे येते, पण स्कोपला जागेवरच राहायचं असतं. जडत्व, नववीचं फिजिक्स! म्हणजे रायफलच्या हिशेबाने स्कोप पुढे पळतो. त्याला अडवतं कोण? बऱ्याचदा बेसचे चार बारके स्क्रू, ६-४८ मापाचे, जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचे. रिंगा कितीही दणकट घ्या, हे स्क्रू तुटले की खेळ खल्लास. नेम चुकतो, जखमी बफेलो झुडपात शिरतो आणि ट्रॅकरला त्याच्या मागे जावं लागतं.

म्हणून माउंट घेताना एकच बघा, धक्का स्क्रूवर येतो की धातूच्या खाचेवर? रुगर हॉकआयमध्ये बेस रिसीव्हरमध्येच कोरलेला असतो, सुटा नसतोच. मला तरी हेच पटतं. वेगळी रेल असेल तर जाड ८-४० स्क्रू बघा, आणि आवळण्याआधी माउंट नळीच्या तोंडाकडे ढकलून खाचेला टेकवा. अंदाजाने पिळू नका हं, टॉर्क रेंच घ्या.

स्टील की ॲल्युमिनियम यावर लोक तासन्‌तास भांडतात. त्यापेक्षा स्कोपच हलका घ्या ना! साडेसातशे ग्रॅमऐवजी पाचशेचा घेतला, तर माउंटवरचा भार एक तृतीयांशाने उतरतो.