हमालाची दुखापत आणि घरची बाई

ट्रकच्या फळीवरून पाय घसरला, पोत्यांची थप्पी अंगावर आली, की हमालाची कंबर मोडते. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको दोन घरची धुणीभांडी जास्त धरते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले, १९६९ चा कायदा झाला. पण मंडळात नाव नोंदलेलं नसलं, की मालक 'हा आमचा माणूसच नाही' म्हणून हात झटकतो. वस्तीत काम करताना मी हेच ऐकते.

म्हणून आपल्या प्रत्येक गटाने एक वही ठेवावी : अपघाताची तारीख, जागा, पोत्याचं वजन, ट्रकचा नंबर, साक्षीदार. बायांनी मिळून माथाडी मंडळात नोंदणीची मागणी लावून धरावी. नोंदच नसेल, तर भरपाई कशाच्या आधारावर मागणार?