खाण बंद पडण्यापूर्वी
(धंतोली, नागपूर येथील भाषण)



येथून तासाभराच्या अंतरावर सावनेर आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ साली तेथे खाण-पर्यटन सुरू केले. कोळसा निघत असतानाच खाण प्रेक्षणीय झाली.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये क्रम उलटा होता. १९८५ साली कथिलाचे भाव कोसळले, १९९० साली गीवरची खाण बंद पडली आणि नंतर तिचे संग्रहालय झाले. २००६ साली त्या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु खाणीची मजुरी बारमाही होती, पर्यटनाची बव्हंशी हंगामी आहे. मान मिळूनही तो प्रांत त्या देशातील गरीब विभागांतच मोडतो.

आपला कोळसाही अक्षय नाही. म्हणून वाटणीचा प्रश्न खाण चालू असतानाच सोडविला पाहिजे. वाटाडे निवृत्त खाणकामगार असावेत. उपाहारगृह कामगार कुटुंबांतील स्त्रियांच्या सहकारी संस्थेकडे असावे. तिकिटाच्या उत्पन्नातील निश्चित वाटा गावाला मिळावा.

१९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, ते श्रमिकांच्या हितासाठी. खाणीच्या स्मारकालाही तोच न्याय लागू झाला पाहिजे. ही मागणी आज संघटितपणे केली नाही, तर उद्या कामगाराला स्वतःचीच खाण तिकीट काढून पाहावी लागेल.