गुडघ्याची शस्त्रक्रिया : गुण कशाने आला?



वाशी-नेरूळला सिडकोच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींत आपल्यापैकी पुष्कळांची घरे आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे धरलेले असतात. जिना चढवत नाही, नमाजाला खुर्ची घ्यावी लागते. मग कोणी सुचवतो, ‘दुर्बीण घालून गुडघा आतून धुऊन घ्या, अमक्याच्या अम्मीला गुण आला.’

गुण आला हे खोटे नसते. पण कशाने आला? झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे कमीजास्त होत असते. आपण डॉक्टरांकडे धावतो ते असह्य झाल्यावर, आणि त्यानंतर ते बहुधा थोडे उतरतेच. शिवाय पैसा खर्च झालेला, टाके पडलेले, घरच्यांनी सेवा केलेली. यांतले श्रेय हत्याराचे किती?

अमेरिकेत ह्यूस्टन येथे डॉ. ब्रूस मोझली यांनी हे तपासून पाहिले. १८० रुग्ण घेतले. काहींचा गुडघा नुसता धुतला, काहींचा आतून खरवडून साफही केला, आणि उरलेल्यांना केवळ कातडीवर छेद देऊन टाके घातले. दुर्बीण आत गेलीच नाही. मात्र पाण्याचा आवाज तेवढा करण्यात आला! आपल्यावर खोटी शस्त्रक्रिया होऊ शकते, हे रुग्णांनी आधी स्वतः लिहून दिले होते. पुष्कळांनी तर भाग घेण्यासच नकार दिला. निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांना बरे वाटले. पण दोन वर्षांत एकदाही खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोटीच्या रुग्णांपेक्षा सरस ठरले नाहीत. २००८ मध्ये कॅनडातील अभ्यासाचा निष्कर्षही तसाच निघाला; तेथे व्यायाम व औषधांना दुर्बिणीची जोड देऊन जास्तीचे काही हाती लागले नाही.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया निराळी. हाडावर हाड घासू लागले असेल तर तिचा उपयोग खरा आहे. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या २०१५ च्या अभ्यासात सांधा बदललेल्यांची वेदना अधिक कमी झाली. मात्र गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त आढळले. आणि व्यायाम, आहार व औषधे यांवर ठेवलेल्या ५० जणांपैकी केवळ १३ जणांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे घाई बहुतेकांना नव्हती.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, घरात इंग्रजी कागद वाचणारे बहुधा तुम्हीच असता. डॉक्टरांना स्पष्ट विचारा : दुर्बीण घालणार की सांधा बदलणार? मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नियमाने, तीन महिने तरी, करून झाला का? नंतर जमिनीवर बसता येईल का? सांधा बदलायचाच ठरला तर त्याची किंमत बिलात वेगळी मागा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने नेहमीच्या धातूच्या सांध्याची कमाल किंमत, कर सोडून, ५४,७२० रुपये ठरवली होती. पुढे आदेश बदलत गेले आहेत, म्हणून चालू दर पाहून मगच सही करा.