चंद्राची शर्यत आणि मागे राहिलेल्या बाया

(भोर-वेल्हे भागातील पाली येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माणूस चंद्रावर उतरला होता म्हणतात, मग पुढे ते थांबलं का?" प्रश्न साधा आहे, पण आपल्या कामाचा आहे.

अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यात चढाओढ होती. 1961 साली युरी गागारिन अवकाशात गेला, तेव्हा अमेरिकेने चंद्र गाठायचं ठरवलं. 1966 च्या सुमारास तिथल्या सरकारी खर्चातले शंभरातले चार डॉलर या कामावर जात होते. 1969 मध्ये माणूस उतरला, शर्यत जिंकली आणि सरकारचा हात आखडला. व्हिएतनाम युद्धाचा खर्च होता, घरात गरिबी होती. यान सुटण्याच्या आदल्या दिवशी राल्फ ॲबरनथी गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन तळावर निदर्शनं करायला गेले होते. पुढच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर 1972 मध्ये शेवटचे दोघे चंद्रावरून निघाले. त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता आणि बाया कामावर खडी फोडत होत्या.

चंद्रावर उतरले बारा. बाराही पुरुष.

बायका नव्हत्याच का? होत्या. अमेरिकेत तेरा जणी पुरुषांसाठीच्या वैद्यकीय चाचण्या पास झाल्या. पण अट होती लढाऊ जेट विमानांच्या चाचणी-वैमानिकाची, आणि ते काम बायकांना बंद. सोव्हिएतने पाच जणी निवडल्या. 1963 मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा जाऊन आली, पहिली बाई म्हणून जगभर गाजली. बाकीच्या चौघी कधीच गेल्या नाहीत. 1969 मध्ये त्यांचा गट मोडला. दुसरी बाई अवकाशात गेली ती एकोणीस वर्षांनी, 1982 साली.

म्हणजे तंत्र कमी पडलं नाही, हिंमतही नाही. काम दुसऱ्याला हरवण्यासाठी काढलं होतं. ते साधलं आणि पैसा आटला.

हे जुनं झालं असं समजू नका. 2024 मध्ये आपल्या गगनयानासाठी चार नावं जाहीर झाली. चौघेही हवाई दलाचे चाचणी-वैमानिक, चौघेही पुरुष. दार उघडं आहे म्हणतात, पण दारापर्यंतची वाट कुणाला होती, ते कुणी विचारत नाही.

आपल्याकडेही योजना येते, उद्घाटनाला आपल्याला पुढे बसवतात, फोटो निघतो, उद्दिष्ट पूर्ण होतं आणि फाईल बंद होते. म्हणून पुढची योजना येईल तेव्हा ग्रामसभेत उठून दोन प्रश्न विचारा: ही कुणाच्या गरजेतून निघाली? आणि अटी कुणी ठरवल्या?