आकडीवरचं औषध आणि आपला प्रश्न

(धाराशिव जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



दिवस भरत आलेल्या बाईला आकडी आली की गावात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल. कोणी फेफरं म्हणतं, कोणी बाहेरची बाधा. यात मोलाचे तास जातात. गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारी ही आकडी म्हणजे एक्लॅम्प्सिया. हा गर्भारपणाचाच आजार, पण तो मेंदूपर्यंत पोचलेला असतो. बाळंतपणानंतरच्या दिवसांतही ही आकडी येऊ शकते.

यावर औषध आहे आणि ते स्वस्त आहे. ते कसं ठरलं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

कित्येक वर्षं डॉक्टर आपापल्या सवयीचं औषध देत. कुठे मॅग्नेशियम सल्फेट, कुठे डायझेपाम, कुठे फेनिटॉइन. आपल्या देशात मद्रासच्या डॉ. एम. के. कृष्ण मेनन यांनी रूढ केलेलं तीन औषधांचं मिश्रण चाले. यातलं खरं गुणकारी कोणतं, हे मोठ्या संख्येनं कोणी तपासलं नव्हतं. १९९५ साली भारतासह अनेक देशांतल्या १,६८७ बायांच्या चाचणीचा निकाल आला. मॅग्नेशियम सल्फेटनं पुन्हा आकडी येण्याचा धोका डायझेपामच्या निम्म्याहून कमी झाला आणि फेनिटॉइनच्या तुलनेत दोन तृतीयांशानं घटला. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायांच्या चाचणीत दिसलं की रक्तदाब वाढलेल्या बाईला हे औषध आधीच दिलं, तर आकडी येण्याचा धोकाही निम्म्याहून कमी होतो.

पुढे लेलिया ड्युली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या अशा चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्र आढावा घेतला. डायझेपामपेक्षा या औषधानं मातामृत्यूही कमी होतात, हे त्यातून दिसलं. आपण गटात बसून एकेकीचं दुखणं मांडतो, तेव्हा ‘माझंच नशीब’ हे म्हणणं गळून पडतं. संशोधनाचा आढावा हेच काम आकड्यांनी करतो.

पण एक प्रश्न आपल्या भागातला आहे. हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून श्वास, लघवी आणि गुडघ्याची प्रतिक्रिया पाहत राहावं लागतं. पाश्चात्त्य देशांत ठरलेली मात्रा आपल्या कमी वजनाच्या बायांना का द्यायची? तुळजापूरहून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापूरला डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी कमी मात्रा वापरून पाहिली आणि २००३ साली ते काम प्रसिद्ध केलं. मात्र वेगवेगळ्या मात्रांचे आढावे २०१० आणि २०२३ साली निघाले, त्यांतही कोणती मात्रा सरस याचं पक्कं उत्तर मिळालेलं नाही. हा प्रश्न आपल्या शरीराचा आहे. त्यावर मोठ्या चाचण्या व्हाव्यात, आणि ज्या बाईवर चाचणी होते तिला तिच्या भाषेत सगळं सांगून मगच संमती घ्यावी, ही मागणी आपण करायला हवी.

तोवर हातातलं काम आहेच. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. गावची बाई हे काम करू शकते, हे त्यांनी दाखवलंय. प्रत्येक तपासणीला रक्तदाब मोजला का, लघवी तपासली का, हे विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईची तपासणी फडावर चुकते. तिचं कार्ड तिच्यासोबत जाऊ द्या. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला कळ, चेहऱ्यावर सूज, ही लक्षणं पाठ करा. आकडी आलीच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि पुढच्या दवाखान्यात पाठवण्याआधी विचारा, “सिस्टर, मॅगसल्फचा पहिला डोस दिला का?” सरकारच्या सूचनांप्रमाणे एएनएम सिस्टरलाही तो देता येतो. हा प्रश्न विचारणारी एक तरी बाई प्रत्येक गावात असली पाहिजे.