'मले' म्हणणाऱ्यांनी बोलावं



बोलींवर विद्यापीठांत परिषदा होतात. हा अभ्यास जुना आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींची नोंद आहे. पण आजही अभ्यास करणारे वेगळे आणि बोलणारे वेगळे, असंच बहुधा दिसतं.

आता आपलं पाहा. मोमिनपुऱ्यातल्या घरी उर्दू-हिंदी, आणि इतवारीत सौदा करताना 'मले पायजे', 'काहून आला?', 'तो जाऊन रायला'. यातला 'रायला' हिंदीतल्या 'जा रहा है'शी जुळतो. दोन भाषा शेजारी नांदल्या की असं होतं. तरी मुसलमान म्हणजे फक्त उर्दू, असं लोक धरून चालतात. कधी आपणही.

उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी येत नाही, अशी तक्रार आपण ऐकतो. खरं तर रस्त्यावरची मराठी त्याला येत असते, पुस्तकातली नवी असते. मग 'मले' चूक म्हणून खोडायचं, की 'मले'चा हात धरून त्याला 'मला'पर्यंत न्यायचं? उपयोजित भाषाविज्ञानाचा हाच तर प्रश्न आहे, आणि त्याची सामग्री आपल्या घरात आहे.

म्हणून दोन कामं करा. नानी-दादींचं बोलणं त्यांना विचारून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यावर परिषदेत निबंध वाचा. जनगणनेत मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात. तिथं मराठी सांगायला विसरू नका.

आपल्याबद्दल इतरांनी बोलावं, याची वाट किती दिवस पाहायची?