अळीची पारख आणि शेजारची फवारणी

(चितेगाव, ता. पैठण येथील बैठकीतील भाषण)



जालन्याला २०१८ साली कोषांचा बाजार सुरू झाला. कपाशी-ज्वारीच्या आपल्या पट्ट्यात ज्याच्या विहिरीला थोडे पाणी आहे, तो तुतीचा विचार करू लागला. म्हणून आज आम्ही रेशमाच्या अळीच्या तोंडाविषयी बोलणार आहोत.

ही अळी तुतीवरच जगते. दुसरा पाला समोर टाकला तर तोंड फिरवते. तिला कळते कसे? सूक्ष्मदर्शकाखाली तिचे डोके पाहा. दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक डोळे आहेत, पण पानाची पारख डोळ्यांची नाही. ती जबड्याखालच्या अवयवांच्या एका जोडीची. प्रत्येक अवयवावर चवीचे दोन खुंट आणि शेजारी एक छोटी मिशी. मिशीने पान चाचपायचे, मग चावा घ्यायचा. खुंटाच्या टोकाला एक छिद्र असते, त्यातून रस आतल्या पेशींना लागतो. एका खुंटाला साखर कळते, दुसऱ्याला कडू.

जपानी शास्त्रज्ञांनी हे अवयव काढून पाहिले, तर अळी कोबीचा पालाही खाऊ लागली. चीनमध्ये २०१९ साली कडू ओळखणारे एक जनुक निकामी केले, तर ती फळे आणि धान्यही खाऊ लागली. म्हणजे माल पारखल्याशिवाय घ्यायचा नाही, हा अळीचा कायदा आहे. आपल्याला बियाणे घेताना ही सोय नाही!

पण मंडळी, ही पारख तुतीवर घडली, आपल्या पंपातल्या औषधावर नाही. कपाशीवरची फवारणी वाऱ्याने तुतीवर आली तरी पान हिरवेच दिसते. अळी ते खाते आणि मरते. एकूण पाल्यापैकी चार-पंचमांशाहून जास्त पाला ती शेवटच्या अवस्थेत खाते. त्या आठवड्यात घात झाला तर सगळी मजुरी गेली.

यात कपाशीवाला गुन्हेगार नाही. बोंडअळी त्याच्या उरावर बसली आहे. दोघेही आपलेच. म्हणून गावागावात एवढे ठरवा: फवारणीच्या आदल्या दिवशी तुतीवाल्याला निरोप द्यायचा. वारा तुतीकडे असेल तर पंप उचलायचा नाही. तुतीवाल्याने बांधालगतचा पाला अळीला घालायचा नाही.

आणि सरकारकडे मागणी एकच: पाल्यावरचे विष तपासण्याची सोय तालुक्याला करा. अळीच्या जिभेला जे कळत नाही, ते प्रयोगशाळेने सांगावे.